व्हार्निश लावलेली धूळपाटी

मी एक जुनी धूळपाटी आहे, आणि आधी मार्तंड मास्तरांची कागाळी सांगणार आहे, मग बाकीचं.

मित्रांनो, जाणत्या बाईनं तोंड उघडल्या उघडल्या कुणाची उणीदुणी काढू नयेत, हे मला कळतं. पण मास्तरांनी केलंच तसं. गेल्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला म्हणून बेळगावातल्या आमच्या शाळेच्या भिंतींना चुना दिला, दारं-खिडक्या व्हार्निश लावून चकचकीत केल्या. थोडं व्हार्निश उरलं. ते वाया जाऊ नये म्हणून मास्तरांनी मला फासलं. एक हात नाही, चांगले तीन हात. मग खिळे ठोकून गणिताच्या वर्गात फळ्याच्या वर मला टांगलं आणि खाली चिठ्ठी डकवली: 'जुन्या काळची धूळपाटी. हात लावू नये.'

हात लावू नये. ज्या पाटीचा सगळा जन्म पोरांच्या बोटांखाली गेला तिला म्हणे हात लावू नये.

शिवाय व्हार्निशावर धूळ ठरत नाही. टाकली की काचेवरून घसरावी तशी घसरते. म्हणजे मास्तरांनी मला मान दिला आणि काम काढून घेतलं. सासूला देव्हाऱ्याजवळचा पाट द्यायचा आणि कमरेच्या किल्ल्या सोडवून घ्यायच्या, त्यातली गत. येणारे-जाणारे मान वर करून बघतात, 'छान आहे' म्हणतात आणि पुढं जातात. छान पालही दिसते भिंतीवर.

मास्तर मनानं वाईट नाहीत. मला हे नशीब आलं ते त्यांच्या एका जुन्या खोडीमुळं, आणि ती खोड समजायची तर माझा जन्म पहिल्यापासून ऐकावा लागेल.

मी मूळची नंदगडच्या रानातली. फणसाचं लाकूड. ज्या नंदगडात इंग्रजांशी झुंजलेल्या रायाण्णाला फासावर चढवलं त्या गावच्या पाण्यावर आमची झाडं वाढलेली, त्यामुळं वाकायचं आम्हाला जमत नाही. एकोणीसशे तीन साली भरमा सुतारानं मला घडवलं. हातभर लांब, वीतभर रुंद, चारी बाजूंनी बोटाएवढा काठ, धूळ सांडू नये म्हणून. भरमा एक डोळा मिटायचा, दुसरा माझ्या काठाला लावायचा आणि म्हणायचा, "अजून केसभर." त्याच्याकडं मोजायची पट्टी होती. ती तो गिऱ्हाइकाला दाखवायला वापरायचा.

तिथून मी कंग्राळीला पंतोजींच्या शाळेत आले. शाळा म्हणजे एका ओसरीवर पंधरा-वीस पोरं. वीट कुटून, फडक्यातून गाळलेली तांबडी धूळ माझ्यावर पसरायची, बोटानं किंवा काडीनं लिहायचं, पंतोजींनी बघितलं की तळहातानं पुसायचं आणि पुढचं लिहायचं. पुसलेले आकडे मला आठवत नाहीत. बाराखडी शंभर वेळा माझ्यावरून गेली, पण विचाराल तर 'ग'च्या पुढं मी अडखळते. माझं शिक्षण तेवढंच. पंतोजी पोरांना म्हणायचे, "हाताला लागून गेलं ते धुळीचं. मागं राहिलं ते तुझं." तेवढं मात्र मला पाठ आहे.

त्या पोरांत एकच पोरगी होती. आठ वर्षांची चंद्रा. कंग्राळीतल्या जैन शेतकऱ्याची लेक. तीन महिने आली. अक्षरापेक्षा तिला रेघा ओढायचा नाद. इतरांची बोटं धुळीत चाचपडायची, हिचं बोट आधी थांबायचं, बघायचं, आणि मग एका दमात सरकन फिरायचं. तिसऱ्या महिन्यात तिच्या आज्जीनं शाळा बंद केली. त्यानंतर दोन वर्षांत दगडाच्या काळ्या पाट्या आल्या. नख लागलं की किंचाळायच्या, पडल्या की फुटायच्या, तरी लोकांना त्यांचं केवढं कौतुक. मी कोपऱ्यात गेले. अकराव्या वर्षी चंद्राचं लग्न झालं तेव्हा पंतोजींनी आहेर म्हणून मला तिच्या हातात दिलं. बाकीच्यांनी तांब्या-पितळेची भांडी दिली होती. तिनं ती मोजलीसुद्धा नाहीत, मला काखेत मारलं आणि निपाणीच्या गाडीत चढली.

निपाणीच्या सासूनं मला बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं, सांडगं वाळवायला व्हईल." उन्हाळाभर माझ्यावर सांडगे वाळले. मी तोंडातून शब्द काढला नाही. पण पर्व, म्हणजे जैनांचे उपास-पूजेचे दिवस, जवळ आले आणि माझे दिवस पालटले.

त्या गल्लीत एक रीत होती. पर्वाच्या दिवशी बस्तीपुढं, म्हणजे जैनांच्या देवळापुढं, ठिपक्यांची रांगोळी घालायची, आणि ती हात न उचलता. एकदा बोट खाली टेकलं की सगळी आकृती पुरी होईपर्यंत वर घ्यायचं नाही, आणि गेलेल्या ओळीवरून पुन्हा जायचं नाही. मध्ये ओळ तुटली तर सगळं झाडून पहिल्यापासून. बायकांचे गुडघे दुखून यायचे. चंद्रानं सांडगे खरवडून मला धुतलं, धूळ पसरली, आणि आकृती आधी माझ्यावर घालून बघितली. मग तर गल्लीतल्या साऱ्या बाया माझ्याकडं यायला लागल्या.

"चंद्राक्का, माझी रांगोळी तुटती का बघ गं."

ती नुसती नजर टाकायची. ठिपक्याला तिकडं कानडीतला शब्द, चुक्की; आणि जिला तीन-पाच अशा विषम ओळी मिळतात ती एकांडी. ती म्हणायची, "ह्या दोन चुक्क्या एकांड्या हायत. हितनं निघ आणि तितं संपीव. दुसरीकडनं निघालीस तर फसशील." आणि कधी म्हणायची, "ही न्हाय व्हायची. चार एकांड्या हायत. मोड."

बाया करून बघायच्या. ती सांगेल तसंच व्हायचं. एकदाही उलटं झालं नाही.

अठरा सालच्या साथीत तिचा नवरा गेला. विधवेनं बस्तीपुढं रांगोळी घालायची नाही असं सासरी ठरलं. ती मला घेऊन कंग्राळीला, धाकट्या भावाच्या, जिनाप्पाच्या घरी परत आली. घर तिनं चार दिवसांत हातात घेतलं. जिनाप्पा पेरणी तिला विचारून करायचा. आणि रांगोळी तिची बंद झाली तरी नजर कोण बंद करणार? कंग्राळीच्या पोरीबाळी माझ्याकडं यायला लागल्या.

जिनाप्पाची लेक पद्मावती. ती माझ्याजवळ रांगायला शिकली असं म्हटलं तरी चालेल. पाच वर्षांची असताना आत्याशेजारी बसून ती बोट ठेवायची, "आक्का, ही एकांडी. ही बी." मग हिला शाळेत घातलं, पुढं बेळगावच्या हायस्कुलात. रोज तासभर चालत जायची. वर्गात पस्तीस मुलगे आणि तीन मुली. गणित शिकवायला मार्तंड मास्तर.

इथं मास्तरांची खोड सांगते. मास्तर पुण्याला कॉलेजात शिकले. तरुणपणी त्यांचाही डोळ्यांवर फार भरवसा होता. एकदा त्यांच्या प्रोफेसरांनी विचारलं की सलग काढलेल्या वक्र रेषेला कुठं ना कुठं तरी स्पर्श करून जाणारी सरळ रेष काढता येईलच ना? मास्तर छाती पुढं काढून म्हणाले, येणारच, दिसतंच आहे. प्रोफेसरांनी साऱ्या वर्गापुढं दाखवून दिलं की अशीही एक रेषा आहे, जी कुठंही तुटत नाही, पण जिथं बघाल तिथं इतकी नागमोडी की एकाही जागी तशी सरळ रेष बसत नाही. ती कागदावर काढून दाखवता येत नाही, आकड्यांनीच सिद्ध करावी लागते. वर्ग हसला. मास्तरांनी ते हसू पुण्याहून बेळगावला आणलं आणि आयुष्यभर जपलं. तेव्हापासून ते म्हणायचे, डोळे दगा देतात. नवं गणित डोळ्यांचं नाही, पायऱ्यांचं आहे. एक पायरी, दुसरी पायरी, आणि शेवटी 'हेच सिद्ध करावयाचे होते'.

आणि पद्मावती तर उत्तर लिहायची आणि खाली मोकळी जागा सोडायची.

एकेचाळीस साली ती मॅट्रिकच्या वर्गात होती. एके दिवशी मास्तरांनी गंमत म्हणून फळ्यावर चौकोन काढला आणि त्यात समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन तिरक्या रेघा. म्हणाले, हात न उचलता ही आकृती कोण काढतो? मुलगे वहीवर पेन्सिली झिजवायला लागले.

पद्मावती जागेवरून म्हणाली, "सर, ती व्हायची न्हाय."

"का?"

"चारी कोपरं एकांडं हायत. वर छप्पर घाला, मग हुईल. पण खालच्या कोपऱ्यातनं निघायला पायजे."

मास्तरांनी चौकोनावर छप्पर काढलं आणि वरच्या टोकापासून सुरुवात केली. एक रेघ उरली. पुन्हा केलं, पुन्हा उरली. मग ती उठली, खालच्या कोपऱ्यावर खडू टेकवला आणि एका दमात घर पुरं केलं. मुलगे हसले. मास्तरांच्या कानात पुण्याचं हसू वाजलं असणार.

"सिद्ध कर," ते म्हणाले.

"दिसतंय की, सर."

"दिसतं म्हणजे सिद्ध होत नाही. डोळ्यांवर चालायचे दिवस गेले. बेळगावच्या बाहेर जग कुठं पोचलंय तुला ठाऊक नाही."

त्याच आठवड्यात मॅट्रिकचे फॉर्म भरायचे होते. आमच्या शाळेत मुलींना गणित सोडून दुसरा विषय घेता यायचा. मास्तरांनी सांगितलं, जिला पायऱ्या मांडता येत नाहीत तिचं नाव मी गणिताला देणार नाही. सोमवारपर्यंत सिद्धता आण, नाहीतर दुसरा विषय घे. मित्रांनो, पद्मावतीला गणिताची मास्तरीण व्हायचं होतं. दुसरा विषय घेतला की ती वाट कायमची बंद.

घरी येऊन तिनं दप्तर भिरकावलं. चुलीपुढं बसून आत्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "लिवायला बसलं की मला कायच सुचत न्हाय आक्का. दिसतंय तेवडं दिसतंय."

चंद्राक्का भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तुज्या मास्तरला डोळं हायत न्हवं?"

"हायत. पण वापरत न्हाईत."

"मग सोमवारी मी येतो. वापरून घिऊया."

तिकडं बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात.

सोमवारी तिनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, धुळीची पुरचुंडी बांधली आणि पोरीबरोबर चालत बेळगावला आली. वर्गात शिरली, बाकावर न बसता खाली मांडी घातली, मला पुढ्यात ठेवलं आणि धूळ पसरली. वर्गात खसखस पिकली. एक मुलगा म्हणाला, "आज्जी शाळेत नाव घालायला आल्यात."

"घालतो की," चंद्राक्का म्हणाली, "तुज्या शेजारीच बसतो. तुला बी कोण तरी शिकवाय पायजे."

मास्तर टेबलामागून आले. "आक्का, हे हायस्कूल आहे."

"दिसतंय. मला बी तीन म्हैने शाळा हाय. ह्याच पाटीवर. बसा तुमी. न्हाय, खालीच बसा, वरनं धूळ दिसत न्हाय."

मास्तर बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिच्या आवाजानं बैलसुद्धा बसायचे.

तिनं बोटानं माझ्यावर तोच चौकोन काढला. "आता मला सांगा. तुमी फिरत फिरत एका चुक्कीवर आलासा. म्होरं?"

"पुढं जायचं."

"मंजे एक वाट यायला खर्ची पडली, एक जायाला. जोडी. पाव्हणा आला म्हणजे गेला पायजे. पुन्ना आलासा, पुन्ना जोडी. आता ज्या चुक्कीवर तीन वाटा हायत तितं काय हुईल?"

मास्तरांनी एका कोपऱ्याच्या तीन रेघा नजरेनं मोजल्या.

"एक जोडी सुटली, एक वाट एकटी ऱ्हायली. मंजे तितं कोण तरी आला आणि गेलाच न्हाय. न्हायतर गेला, पण आलाच नव्हता. आला आणि गेला न्हाय तो शेवट. गेला आणि आला नव्हता ती सुरवात. एका रांगोळीत सुरवाती किती असत्यात, मास्तर?"

"एक."

"आणि शेवट?"

"एक."

"मग एकांड्या चुक्क्या लई झाल्या तर दोन. ह्या चौकोनात किती?"

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. चारही कोपरे, प्रत्येकाला तीन रेघा. ते खरोखर प्रामाणिक माणूस होते, म्हणून त्यांना लपवता आलं नाही. "आक्का," ते म्हणाले, "ही सिद्धताच आहे."

"ते काय असतंय मला म्हाईत न्हाय. मी तुमाला का ते सांगितलं."

इथं गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण मास्तर हटणारे नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यांनी हटू नये हेच बरं होतं. ते म्हणाले, "ही एक बाजू झाली. उलट बाजू? एकही चुक्की एकांडी नसेल, सगळ्यांच्या जोड्या जुळत असतील, तर ती आकृती हात न उचलता होतेच?"

"व्हतीच. जितनं निघालो तितंच परत येतोय. आजपतूर कदी चुकलं न्हाय."

मास्तरांनी बोट पुढं केलं. ते बोट पहिल्यांदा धुळीत टेकत होतं, ते मला जाणवलं. माझ्या डाव्या टोकाला त्यांनी एक छोटा चौकोन काढला. मग हात उचलून उजव्या टोकाला दुसरा. दोघांच्या मध्ये नुसती धूळ.

"बघा. आठ चुक्क्या. प्रत्येकीला दोन वाटा. सगळ्या जोडीच्या. काढा हात न उचलता."

चंद्राक्कानं एका चौकोनाभोवती बोट फिरवलं, दुसऱ्यापाशी पोचायला वाट सापडेना.

"अशी तुटकी रांगोळी कोण घालतंय?" ती शेवटी म्हणाली. "बस्तीपुढं तुटकी घातली तर सासू हुंबऱ्याच्या आत घेत न्हवती."

"गणितात घालतात, आक्का. गणितात सासू नसते. म्हणून सगळं लिहावं लागतं."

चूक झाली होती, मित्रांनो, आणि ती मी लपवणार नाही. आम्ही तीस वर्षं रांगोळ्या बघितल्या, पण आमच्या रीतीनं तुटकी आकृती आमच्यापुढं कधी येऊच दिली नव्हती. जे कधी पाहिलंच नाही ते नसतंच, असं चंद्राक्काच्या डोळ्यानं धरून टाकलं होतं. मास्तर उठले. धोतर झटकलं. म्हणाले, "म्हणून मी म्हणतो, डोळे दगा देतात. पद्मावती, दुसऱ्या विषयाचा फॉर्म आणतो."

"थांबा, सर."

पद्मावती माझ्याजवळ येऊन बसली. त्या दोन चौकोनांकडं बघत म्हणाली, "आक्का चुकली. रांगोळी एकसंध पायजे हे तिनं सांगाय हवं होतं. ते लिवायला पायजे, मी लिवतो. पण तुमाला एक विचारू?"

"विचार."

"हे दोन चौकोन तुमाला सुचलं. ते पायऱ्या मांडून सुचलं, का दिसलं?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडं. बोटाला तांबडी धूळ लागली होती. बाहेर शिपाई घंटा द्यायला आला होता, तोही दारात उभा राहिला.

"दिसले," मास्तर म्हणाले.

"मग दगा दिला तो बी डोळ्यानंच, आणि धरला तो बी डोळ्यानंच," चंद्राक्का म्हणाली. "त्या बिचाऱ्याला फासावर का देतासा?"

मास्तर पुन्हा खाली बसले. म्हणाले, "बरं. आकृती एकसंध आहे आणि सगळ्या चुक्क्या जोडीच्या आहेत. आता दाखव."

पद्मावतीनं धूळ पुसली, नवी आकृती काढली आणि बोट एका चुक्कीवर ठेवलं. "हितनं निघालो. जिकडं जाईन तितं आत शिराय वाट मिळाली तर बाहीर पडाय बी असती, कारण जोडी हाय. अडकायचं ते फकस्त निघालो त्या जाग्यावर. मंजे एक माळ पुरी झाली. ओळी उरल्या तर? आकृती एकसंध हाय, म्हणून उरलेली एक तरी ओळ ह्या माळंला कुटं तरी लागलेली असणारच. तितनं दुसरी माळ ओवायची आणि पयल्या माळंत गुंफायची. काय उरंना तवर."

"आणि दोन चुक्क्या एकांड्या असतील तर?"

अगदी तिच्या आत्यासारखं तिचं बोट थांबलं, बघितलं, आणि मग सरकन दोन एकांड्या चुक्क्यांमध्ये एक ज्यादा रेघ ओढली गेली. "आता कोण एकांडी न्हाय. माळ पुरी करायची. आणि मग," तिनं तळहातानं ती एकच रेघ पुसली, "ही आपली नव्हतीच."

काळ्या पाटीवर ओली चिंधी फिरवावी लागते, मित्रांनो. माझ्यावर एक रेघ अलगद उचलता येते.

मास्तरांनी कागद मागवला. तिनं तिथंच बसून पायऱ्या लिहिल्या. अडेल तिथं कागदावरून नजर काढून माझ्याकडं बघायची आणि पुढं लिहायची. शेवटी 'हेच सिद्ध करावयाचे होते' मास्तरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. मग गणिताच्या यादीत नाव घातलं: पद्मावती जिनाप्पा.

पुढं महिन्याभरानं मास्तर कंग्राळीला आले, एक जाड पुस्तक घेऊन. ओसरीवर बसून म्हणाले, "आक्का, हे तुमचं गणित दोनशे वर्षांपूर्वी एका परदेशी पंडितानं मांडलं होतं. एका गावात सात पूल होते, ते सगळे एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, असा प्रश्न होता."

"त्याच्या घरात बी कोण तरी रांगोळी घालत असंल," चंद्राक्का म्हणाली. "आणि च्या घ्या."

चहा पिता पिता मास्तरांनी आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. युरोपात गणिताच्या पंडितांत भांडण लागलं होतं. एक गट म्हणायचा, गणित म्हणजे कागदावरच्या चिन्हांचा खेळ, नियम पाळा म्हणजे झालं, काही दिसायची गरज नाही. हॉलंडातला एक पंडित उलटून उभा राहिला. तो म्हणाला, गणित मनात घडतं. कागदावरची चिन्हं म्हणजे नुसती आठवण. मास्तर म्हणाले, त्याला लोक वेडा म्हणतात.

मी खुंटीला होते. मनात म्हटलं, त्या वेड्याला एकदा कंग्राळीला आणा. माझ्यावर चाळीस वर्षांत लाख गोष्टी लिहिल्या आणि पुसल्या. एकही माझ्याकडं नाही. मग गेल्या कुठं? पंतोजी सांगून गेलेत, मागं राहिलं ते तुझं.

जाताना मास्तरांनी शाळेसाठी मला मागून घेतलं. चंद्राक्कानं दिलं, पण दम देऊन: "रोज वापरणार असशीला तर न्या." आणि पाच वर्षं त्यांनी शब्द पाळला. नवा विषय काढायचा म्हणजे आधी मी टेबलावर यायची. पोरं भोवती गोळा व्हायची, बोटं धुळीत, ओरडा, चुका, पुसापूस. मग फळ्यावर पायऱ्या. पद्मावती मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली, आणि यंदा निपाणीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली. मास्तर वर्गात तिचं नाव छातीवर हात ठेवून घ्यायचे. घेता घेता तिची गोष्ट झाली, गोष्टीची आठवण झाली, आणि ऑगस्टात त्या आठवणीला व्हार्निश लागलं. पोरं आता पुन्हा थेट पायऱ्या पाठ करतात. मी वरून बघते. पुण्याचं ते हसू मास्तरांच्या पोटात अजून शिल्लक आहे. एकदा जे खरं ठरलं ते आता कुणी हलवू नये, असं त्यांना वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठं जुनं माप असेल, सुताराचं हत्यार असेल, आज्जीचा हातखंडा असेल, तर त्याला हार घालू नका. त्याच्याकडून काम करून घ्या. ते चुकलं तर तोंडावर सांगा. आम्हाला चुकीचं वाईट वाटत नाही, खिळ्याचं वाटतं.

परवा शनिवारी शाळा सुटता सुटता चंद्राक्का आली. बरोबर निपाणीहून आलेली पद्मावती. मास्तर आनंदानं पुढं झाले आणि बोट वर करून मला दाखवलं. चंद्राक्कानं मान वर केली. चिठ्ठीतली अक्षरं एकेक करून लावली. हा-त-ला-वू-न-ये. मग म्हणाली, "उतरा तिला."

"आक्का, जपून ठेवलीय. लाकूड किडू नये म्हणून."

"उतरा म्हणतो न्हवं."

मास्तरांनी स्टूल आणलं. पद्मावतीनं एकेक खिळा उपटला. चंद्राक्का खाली मांडी घालून बसली, मला मांडीवर घेतलं, पिशवीतून कंदिलाची फुटकी काच काढली आणि खरवडायला लागली. व्हार्निशाचं तिला घरूनच ठाऊक होतं, आधी शाळेत डोकावून गेलेल्या पोरीनं सांगितलं असणार. काच कुरकुरत होती, व्हार्निशाचे पिवळे पापुद्रे तिच्या लुगड्यावर पडत होते. मला दुखलं का? भरमाच्या रंध्यानंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मास्तर उभेच होते. हळूच म्हणाले, "माझं चुकलं का आक्का? मी मानच दिला."

तिनं हात थांबवला नाही. मान खालीच ठेवून, पण भरलेल्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती बोलली:

"चुकलासा, मास्तर. तुमाला एकदा दिसलं, आणि पुन्ना बघाय लागू नये म्हणून तुमी हिला भिंतीला टांगलासा. सोमवारी वीट कुटून, गाळून आणा. पोरास्नी भवतीनं बसवा. आणि पयलं बोट तुमचं."